जावक वहीतला विलंब

आमच्या घरात एक जावक वही आहे. नोकरीत असताना कचेरीबाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर क्रमांक घालण्याची सवय हाताला लागली आणि निवृत्तीनंतरही ती सुटली नाही. मी रेल्वेच्या कचेरीत शिस्तभंगाच्या प्रकरणांची टिपणे तयार करीत असे. कायद्याची पदवी संध्याकाळच्या वर्गांना बसून मिळवली होती, पण काळा कोट अंगावर चढवण्याचा योग आला नाही. त्याची भरपाई म्हणा, मी आयुष्यभर पत्रे लिहीत आलो. रायपुरातल्या आमच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात गटाराचे झाकण तुटले, पत्र. टपाल तीन दिवस उशिरा आले, पत्र. प्रत्येक पत्राची प्रत फायलीत आणि नोंद वहीत: क्रमांक, दिनांक, कोणास, विषय, आणि शेवटच्या रकान्यात, उत्तर आले की नाही. तो शेवटचा रकाना बहुतांशी कोरा आहे, आणि त्या कोरेपणाचा मला कायम संताप येत आला आहे.

हे लिखाणही त्याच संतापातून सुरू झाले. माझ्या पत्नीच्या विस्मरणाचे निदान होण्यास जो अक्षम्य विलंब लागला, त्याची एक लांबलचक तक्रार मला करायची होती. तक्रारीचा मसुदा अर्ध्यावर असताना जे हाती लागले, त्यामुळे तिचे स्वरूप बदलले. ते कसे, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

माझ्या सासूबाई यवतमाळकडच्या. शेवटची सहा-सात वर्षे त्या एकच पातळ दिवसातून चार वेळा धूत, वाळत घालीत, आणि वाळण्यापूर्वीच काढून पुन्हा धूत. घरच्यांनी त्याला म्हातारपण हे नाव दिले आणि विषय संपवला. त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी बोलणे चाले. त्यांच्याशी कोणी बोलत नसे. तेराव्यानंतर आम्ही बसने रायपूरला परतत होतो, तेव्हा माझी पत्नी खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "माह्यं असं झालं तर मले सांगजा. मले समजून राहिलं तोवर सांगजा. मग सांगून मी काय करू?"

मी हो म्हणालो. साक्षीदार कोणी नव्हते. पण तोंडी दिलेले वचनही वचनच असते, हे मला कोणी शिकवायला नको होते. त्या वचनाला एक मुदत होती. मृत्युपत्र करणाऱ्याची बुद्धी करतेवेळी शाबूत असावी लागते, असे कायदा मानतो. ऐकणाऱ्याच्या बाबतीतही तेच म्हणता येईल. ज्याला कळण्याची शक्तीच उरली नाही, त्याला सांगितलेली गोष्ट सांगितली गेली असे म्हणता येत नाही. म्हणून निदानाचा दिनांक हा आमच्यासाठी केवळ वैद्यकीय प्रश्न नव्हता. ती मुदत टळली असती, तर मी वचनभंगाचा दोषी ठरलो असतो, आणि त्याची दाद मागायला फिर्यादीच उरली नसती.

या गेल्याच चैत्रात, रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी ती पुरानी बस्तीतल्या देवळात गेली. पायी बारा-पंधरा मिनिटांची वाट. अडतीस वर्षांत ती हजारो वेळा चाललेली. तीन तासांनी ती ई-रिक्षातून परत आली. रिक्षावाला खाली उतरून म्हणाला, "बाबूजी, दीदी को घर का पता याद नहीं आ रहा था. मंदिर-मंदिर घुमाते रहे. तुम्हारे पारे में घुसे, तब जाके बोलीं, हव, यही गली है."

ती चपला काढीत म्हणाली, "देवळात लई गर्दी होती." आणि स्वयंपाकघरात गेली.

त्याच आठवड्यात मी तिला समता कॉलोनीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेले आणि मोठ्या रुग्णालयातल्या स्मृती चिकित्सालयासाठी चिठ्ठी मागितली. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले, काहीही न विचारता चिठ्ठी लिहिली आणि पुढचा रुग्ण बोलावला. त्यांच्या त्या गप्प राहण्याचा अर्थ तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

रुग्णालयाचे नाव मी येथे लिहीत नाही; तक्रारीच्या मूळ मसुद्यात ते होते. स्मृती चिकित्सालय, ज्याला सगळे मेमोरी क्लिनिक म्हणतात, ते आठवड्यातून फक्त बुधवारी आणि तेही दुपारच्या जेवणापर्यंत चाले. पहिल्या बुधवारी खिडकीवर सांगण्यात आले की चिठ्ठी विभागाच्या नावे नाही. दुसऱ्या बुधवारी चिठ्ठी योग्य होती, पण आधी सामान्य बाह्यरुग्ण विभागात दाखवून तेथला शिक्का आणायचा होता. तिसऱ्या बुधवारी शिक्का होता, तेव्हा भेटीचा दिवस मिळाला: भाद्रपदातला. चैत्रात अर्ज करणाऱ्याला भाद्रपद.

"ताप आला असता तर?" मी खिडकीत विचारले.

"तो अंकल, बुखार वाली लाइन उधर है," आतला माणूस निर्विकारपणे म्हणाला.

त्या पाच महिन्यांत मी नऊ पत्रे लिहिली. माहितीच्या अधिकारात अर्ज करून विचारले की या चिकित्सालयात पहिल्या भेटीसाठी आजमितीस किती जण थांबलेले आहेत आणि सरासरी किती दिवस. उत्तर आले की अशी माहिती संकलित स्वरूपात ठेवली जात नाही. हे वाचून मी खोलीत येरझारा घातल्या. ज्या कचेरीत थांबणाऱ्यांची यादीच नाही, त्या कचेरीच्या दृष्टीने कोणी थांबलेलेच नसते; आणि कोणी थांबलेले नाही, तर विलंब कोठून येणार? ताप अंग तापवतो, हाड मोडले की माणूस ओरडतो. विसरणे आवाज करीत नाही, म्हणून त्याच्या रांगेत उभ्या असलेल्यांचा आवाज कोणाच्या कानावर पडत नाही. हे मी त्या पत्रांत लिहिले, आणि त्यातला एक शब्दही आज मागे घेत नाही.

घरात मात्र दिवस आपली वसुली करीत होते. आषाढात ती मुलीला फोन लावायला विसरली. म्हणजे, कसा लावायचा ते विसरली. श्रावणात शुक्रवारची कहाणी वाचताना तिने एकच पान दोनदा वाचले, आणि ते तिच्या ध्यानात आले नाही. मी समोर हात जोडून बसलो होतो. बसमधले ते वाक्य मला आठवत होते, आणि मी मनातल्या मनात भाद्रपदापर्यंतचे बुधवार मोजीत होतो.

तो बुधवार अखेर आला. डॉक्टर एक तरुण बाई होत्या, रात्रपाळीहून आल्यासारख्या थकलेल्या, पण आवाज मऊ. चाचणीचा छापील कागद हिंदीत होता. मी तत्काळ हरकत घेतली: जिचे शिक्षण आणि सगळे आयुष्य मराठीत गेले, तिची स्मृती परक्या भाषेत तपासणे न्याय्य नाही. डॉक्टरबाईंनी वाद घातला नाही. "ठीक है सर, आप मराठी में पूछते जाइए," म्हणून त्यांनी कागद माझ्याच पुढे सरकवला.

मी प्रश्न वाचू लागलो. आज वार कोणता? ती माझ्याकडे पाहू लागली. "सकाळी निघताना मी म्हणालो नाही का, आज आपल्याला कुठे जायचं आणि का आजच..." एवढे म्हणून मी थांबलो. महिना कोणता? "गणपती येऊन गेले ना नुकतेच," मी म्हणालो. शंभरातून सात वजा करताना माझी बोटे टेबलावर आपोआप हलली. तिनेच मला झापले.

"तुम्ही काहून मधात बोलून राहिले? परीक्षा माही हाय का तुमची?"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवले. "सर, एक बात बताइए. आज आप गवाह हैं या वकील? मुझे आज गवाह चाहिए."

आयुष्यात मला कोणी इतक्या मोजक्या शब्दांत बाहेर काढले नव्हते. त्यांनी शेजारच्या कक्षातून एका मराठी परिचारिकेला बोलावले आणि मला दाराबाहेरच्या बाकावर बसवले. दार अर्धेच होते. आवाज येत होता.

"काकू, आज वार कोणता?" परिचारिकेने विचारले.

"यायले विचारा. ते सारं लिहून ठेवते."

"यायले नाही, तुम्हाले विचारून राहिली मी."

 मग माझ्या पत्नीचा आवाज आला. तो मी ओळखू शकलो नाही, इतका लहान होता. "नाही मा. नाही येत."

अडतीस वर्षांच्या संसारात 'नाही येत' हे शब्द मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो. कारण सरळ होते. तिला ते म्हणावे लागण्यापूर्वीच उत्तर मी दिलेले असे.

नंतर मला आत बोलावले. डॉक्टरबाईंनी विचारले, हे केव्हापासून? मी म्हणालो, चैत्रापासून. आणि देवळाची हकीकत तपशीलवार सांगितली. त्यांनी लिहून घेतले. "उससे पहले घर में, पड़ोस में, किसी ने कुछ कहा था?"

"नाही," मी म्हणालो. "कोणीही नाही."

त्यांनी रक्ताच्या तपासण्या आणि मेंदूचे चित्रण लिहून दिले. कधी थायरॉइडमुळे, कधी एखाद्या जीवनसत्त्वाच्या उणिवेमुळेही माणूस विसरू लागतो, आणि ती उणीव भरून काढता येते. म्हणून आधी हे पाहायचे. म्हणजे लवकर आले असते तर कदाचित भरून येऊ शकणाऱ्या आजाराचे लोकही त्या न मोजलेल्या रांगेत उभे असणार! माझा संताप पुन्हा पेटला. चित्रणाची तारीख महिन्याभरानंतरची मिळाली, तेव्हा मी ठरवले की आता पत्र नाही. आता सविस्तर तक्रार, घटनाक्रमासह, वरिष्ठांपर्यंत.

घटनाक्रम लिहिणे हे माझे आयुष्यभराचे काम. त्यात एक शिस्त असते. विलंब मोजायचा तर तो कोठून मोजायचा, हे आधी ठरवावे लागते. आणि कायदा त्याबाबतीत फार स्पष्ट असतो. ज्या दिवशी संबंधितास गोष्ट कळली, किंवा रास्त काळजी घेतली असती तर कळू शकली असती, त्या दिवसापासून. मी दुपारी जेवणाच्या टेबलावर फायली काढल्या आणि जावक वही आदल्या वर्षाच्या आरंभापासून चैत्रापर्यंत चाळू लागलो. चैत्रापूर्वी काहीही नाही, हे खात्रीने लिहिता यावे एवढ्याचसाठी.

सुरुवातीलाच, आदल्या वर्षीच्या संक्रांतीनंतरची एक नोंद दिसली. कोणास: समोरच्या घरातल्या बाई. विषय: अपमानकारक विधान मागे घेण्याबाबत.

आमच्या गल्लीत हळदीकुंकवाचे आमंत्रण घरोघरी जाऊन तोंडी करायचे, ही जुनी रीत आहे. निरोप पाठवलेला चालत नाही. यजमानीण स्वतः दारात यायला हवी. त्या वर्षी माझी पत्नी नेहमीप्रमाणे कुंकवाची कुयरी घेऊन सगळीकडे जाऊन आली. मंगळवारी संध्याकाळी मी दार उघडले, तर बाहेर रेशमी पातळांतल्या अकरा जणी. घरात तिळगूळ नाही, वाण नाही, बैठक नाही. पत्नी आतून हात पुसत आली आणि म्हणाली, "आज कशा काय आल्या साऱ्या? मी तं शुक्रवार सांगितला होता." गल्लीच्या एका बाजूला तिने मंगळवार सांगितला होता, दुसऱ्या बाजूला शुक्रवार. मी त्या अकरा जणींना दारातच सुनावले की ऐकण्यात चूक एकीची होऊ शकते, अकरा जणींची कशी होते. माझ्या स्वतःच्याच युक्तिवादाचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

समोरच्या बाई, पत्नीची तीस वर्षांची मैत्रीण, बाकीच्या जिना उतरल्यावर मागे थांबल्या. तुळशीच्या कुंडीपाशी येऊन अगदी हळू म्हणाल्या, "भाऊजी, राग नका मानू. वहिनीले एकदा चांगल्या डॉक्टरले दाखवून द्या."

फायलीतली प्रत मी वाचली. 'आपण माझ्या पत्नीच्या मानसिक स्थितीविषयी, माझ्या निवासस्थानी, अन्य स्त्रिया उपस्थित असताना केलेले विधान निराधार असून ते सात दिवसांच्या आत लेखी मागे घ्यावे.' अन्य स्त्रिया उपस्थित असताना! जिन्याच्या तळाशी चपला घालीत होत्या, त्या उपस्थित. वाक्य कायद्याने टिकले असते आणि तरी खोटे होते. शेवटच्या रकान्यात उत्तर नव्हते. बाई त्यानंतर आमच्या घरी आल्या नाहीत. पत्नी अधूनमधून विचारी, "ती काहून येत नाही हो?" मी म्हणे, "कामात असतील."

मी वही मिटू शकलो असतो. पण पुढच्याच पानावर, त्याच उन्हाळ्यातले, मुलीला लिहिलेले पत्र होते. मुलगी पुण्यात असते. घरात मराठी ऐकत वाढली, तरी बोलते हिंदीच, आणि पुण्यात इतकी वर्षे काढूनही त्यात फरक नाही. तिने फोनवर सांगितले होते, "बाबा, मम्मी ने एक ही बात मुझे तीन बार बताई. किसी को दिखाओ ना." यावर मी तिला मुद्देसूद पत्र लिहिले होते. एक, महत्त्वाची गोष्ट कोणीही पुन्हा सांगतो. दोन, ऐकणाऱ्याचे लक्ष नसल्यास बोलणाऱ्यास पुनरुक्ती करावी लागते. तीन, मातेविषयी अनुमान काढण्यापूर्वी स्वतः येऊन पाहणे हे कन्येचे कर्तव्य आहे. मुलीने तो विषय पुन्हा काढला नाही.

आणि तिसरे, पावसाळ्यातले, समता कॉलोनीतल्या डॉक्टरांना. पत्नी गुडघे दाखवायला गेली होती. त्यांनी दोन-चार प्रश्न विचारून कागदावर खाली लिहिले होते की विस्मरणाची तपासणी करून घ्यावी. गुडघ्यांखेरीज कशाचाही उल्लेख रुग्णाने केलेला नसताना हा शेरा कोणत्या अधिकारात, अशी मी विचारणा केली होती. त्यांनी मुकाट्याने नवा कागद करून दिला, शेऱ्याशिवाय. चैत्रात माझ्याकडे क्षणभर पाहून ते का गप्प राहिले, हे मला आत्ता कळले.

मी तीनही प्रती टेबलावर एका ओळीत मांडल्या. शेकडो पत्रांपैकी माझी सर्वांत परिणामकारक ठरलेली पत्रे हीच तीन. गटाराचे झाकण अजून तुटकेच आहे. पण ज्या तीन माणसांनी तिच्यासाठी तोंड उघडले, त्यांची तोंडे मी पहिल्या फटक्यात बंद केली होती. आणि मला कळले नव्हते, ही सबबही मला उपलब्ध नव्हती. त्या मंगळवारनंतर रोज सकाळी चहाबरोबर मी तिला आजचा वार सांगू लागलो होतो. फोन मी उचलू लागलो होतो. डब्यांवर चिठ्ठ्या माझ्याच अक्षरात होत्या. मी त्याला काळजी म्हणत होतो. कचेरीतल्या टिपणात मी त्याला पुराव्यात फेरफार म्हटले असते.

संक्रांतीपासून पुढल्या वर्षीच्या चैत्रापर्यंत मोजले, तर चौदा महिने भरतात. चैत्रापासून निदानापर्यंत रुग्णालयाचे सात झाले. माझा वाटा त्यांच्या दुप्पट होता.

आतून तिने विचारले, "काय लिहून राहिले इतकं?"

"काही नाही," मी म्हणालो. मग मला ते 'काही नाही' सहन झाले नाही. "तुझ्याबद्दल लिहितोय."

"चांगलं लिहा मंग."

कार्तिकातल्या बुधवारी अहवाल घेऊन आम्ही पुन्हा गेलो. मी आत शिरताच म्हणालो की मला माझ्या साक्षीत दुरुस्ती करायची आहे, आणि तीन पत्रांच्या प्रती व सुधारित घटनाक्रम डॉक्टरबाईंपुढे ठेवला. त्यांनी मराठी अक्षरांतून वाट काढीत तो वाचला. मला वाटले, आता ऐकून घ्यावे लागणार. त्या म्हणाल्या, "यह तारीख मेरे बहुत काम की है. अचानक हुआ या धीरे-धीरे, इसी से तो बात बदलती है." आणि थोड्या वेळाने, "सब परिवार ऐसे ही आते हैं, सर. फ़र्क इतना है कि बाकी लोग काग़ज़ नहीं रखते."

रक्तात उणीव काही निघाली नव्हती. चित्रणात जे दिसले, ते त्या मला समजावू लागल्या. खुर्ची माझ्याकडे वळवून. माझी पत्नी शेजारी पदराचे टोक दुमडत बसली होती. मला एकदम सासूबाई आठवल्या, अंगणात, बोलणाऱ्या माणसांच्या मधोमध, पिळलेले पातळ हातात घेऊन.

"मला नको," मी म्हणालो. "यांना सांगा. वचन आहे."

डॉक्टरबाईंनी खुर्ची फिरवली, इतकी की गुडघे तिच्या गुडघ्यांना लागले. त्यांनी लहान लहान वाक्यांत सांगितले, आणि प्रत्येक वाक्य मी मराठीत पुन्हा सांगितले, यावेळी काहीही न जोडता. की हा विसरण्याचा आजार आहे. की तो बरा होत नाही, पण औषधाने काही काळ सावरता येते. की यात तिची चूक नाही.

ती माझ्याकडे वळली. "आईले होतं तेच?"

"तेच असावं."

"आईले कोणी नाही सांगितलं."

"नाही."

"तुम्ही सांगितलं." तिने पदर सोडला. "लई उशिरा सांगितलं. पण मले समजून राहिलं आता."

डॉक्टरबाईंनी तिला विचारले, तुम्हाला काय वाटते, काय हवे? हा प्रश्न तिला यापूर्वी कोणी विचारला असेल असे मला वाटत नाही. मी तर नाहीच. तिने विचार केला. पुण्याला जायचे नाही, ती म्हणाली, इथेच राहायचे. तिच्यासमोर तिच्याबद्दल कुजबुजायचे नाही, जे काय ते मोठ्याने. आणि माझ्याकडे बोट करून, "यायनं मधात बोलायचं नाही."

"नोट कर लिया," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि खरोखरच केस पेपरवर लिहिले.

रुग्णालयाच्या वरिष्ठांना मी पत्र पाठवले. राग त्यात आहे. थांबलेल्यांची यादी ठेवावी, आठवड्याचा एकच दिवस अपुरा आहे, तीन खेपांऐवजी एक चिठ्ठी पुरावी, चाचणीचे कागद रुग्णाच्या भाषेत असावेत, हे सगळे आहे. पण अखेरचा परिच्छेद नवा आहे. त्यात मी सुचवले आहे की पहिल्या भेटीच्या अर्जात दोन प्रश्न घालावेत. हे आपल्याला सर्वप्रथम कोणी सांगितले? आणि त्यावर आपण त्यांना काय उत्तर दिले? चिठ्ठी डॉक्टरचीच हवी असा आग्रह न धरता, तुळशीपाशी हळू आवाजात बोललेल्या शेजारणीच्या शब्दावरही दार उघडावे, असेही लिहिले आहे. शेवटचा रकाना अद्याप कोरा आहे. स्मरणपत्र जाईल.

समोरच्या बाईंना माफीचे पत्र लिहायला मी घेतले होते. 'संदर्भ: माझे पूर्वीचे पत्र' येथवर आलो असताना पत्नीने कागद पाहिला. मी तिला सगळे सांगितले होते; पत्र वाचूनही दाखवले होते. ते ऐकल्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती, आणि तिसऱ्या दिवशी ते विसरली होती. मी तिला पुन्हा सांगितले होते. ती दुसऱ्यांदा रागावली, तो तिचा हक्क होता.

"तिले पत्र नका लिहू," ती म्हणाली. "तिच्या घरी चला. संक्रांत आली."

हळदीकुंकवाच्या आमंत्रणाला पुरुष जात नाही. या वर्षी मी गेलो. ती कुयरी घेऊन पुढे आणि मी, हाताची घडी घालून, एक पाऊल मागे. गल्लीतल्या प्रत्येक दारात ती कुंकू लावी आणि सांगे, "मले विसरायचा आजार झाला हाय. शुक्रवारी या."  मग कोणीतरी तिचा हात धरी.

समोरचे दार सर्वांत शेवटी. बाईंनी दार उघडले आणि आधी माझ्याकडे पाहिले.

"भाऊजी, तुमचं पत्र हाय अजून माह्यापाशी. उत्तर द्याचं राहूनच गेलं."

"मी ते परत न्यायला आलो आहे," मी म्हणालो. "आपण म्हणालात ते खरं होतं. मी चुकलो."

"लेखी नाही आणलं काय?"

"तिनं लिहू दिलं नाही."

बाई हसल्या, आणि हसताना त्यांचे डोळे भरले. माझी पत्नी तोवर त्यांच्या कपाळाला कुंकू लावत होती, जपून, बरोबर मध्यभागी. "विसरायचा आजार झाला मले," ती म्हणाली. "मंगळवारी ये."

शब्द माझ्या ओठांपर्यंत आला. मी तो आत घेतला. केस पेपरवर लिहिलेले होते.

बाईंनी माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. "मंगळवारी बी येतो," त्या म्हणाल्या, "अन् शुक्रवारी बी येतो."

मंगळवारी दुपारी त्या खरेच आल्या, साध्या पातळात, तिळाचा डबा आणि किसलेला गूळ घेऊन. दोघी स्वयंपाकघरात बसल्या. मी बाहेर जावक वहीत त्या जुन्या नोंदीपुढचा कोरा रकाना भरला: उत्तर आले.